बिनतेलाचा वाढदिवस

कारखान्यात त्यांना सगळे सेफ्टीसाहेब म्हणत. खरं नाव पगारपत्रकावर आणि कोर्टाच्या कागदांवर होतं, पण तिथून ते फारसं बाहेर पडत नसे. काम असं, की अपघात होऊ नयेत म्हणून जमिनीवर पिवळे पट्टे मारायचे, भिंतींवर पाट्या लावायच्या, आणि एवढं करूनही कुणाचं बोट गेलंच तर त्याचा अहवाल लिहायचा. अहवालात 'कारण' नावाचा एक रकाना असतो. अठरा वर्षांत त्या रकान्यात सेफ्टीसाहेबांनी एकच गोष्ट शंभर तऱ्हांनी लिहिली होती. कामगाराने सूचना पाळली नाही. कामगाराने हातमोजे काढून ठेवले. कामगाराने स्वतः हात घातला. यंत्र नेहमी निर्दोष, आणि यंत्राचा मालक तर धुतल्या तांदळासारखा. माणूस दुष्ट नव्हता, हे आधीच सांगायला हवं. पण अठरा वर्षं एकाच वळणाची वाक्यं लिहिली की हाताला सवय होते, आणि सवयीचा हात डोक्याला विचारायला थांबत नाही.

त्या शनिवारी सकाळी ते आपल्या भाड्याच्या दोन खोल्यांत ओट्यापाशी उभे राहून बटाट्याचे काप फडक्यावर एकेक सुटा पसरत होते. लेकीचा आठवा वाढदिवस होता. तिला घरात भिंगरी म्हणत, कारण चालायला लागल्यापासून ती एका जागी म्हणून राहिली नव्हती. हल्ली राहायची, पण नाव चिकटलं ते चिकटलं. तीन वर्षांपूर्वी नवराबायकोचा घटस्फोट झाला, भिंगरी आईकडे गेली आणि सेफ्टीसाहेबांच्या वाट्याला शनिवारची दुपार आली, तीही मामाच्या देखरेखीखाली. यंदा पहिल्यांदाच भिंगरीची आई फोनवर म्हणाली होती, "वाढदिवस तुझ्याकडे कर. वर्गातल्या मुलींना बोलाव. नीट पार पडला तर पुढच्या महिन्यापासून शनिवारी मुक्कामाला पाठवीन. वकिलाने कागद करून ठेवलाय, माझी सहीच राहिलीय. पण नीट हं." ते 'नीट' सेफ्टीसाहेब दोन आठवडे उशाशी घेऊन झोपत होते.

पार्टीला कुरकुरीत खायचं, ही भिंगरीची फर्माईश. मऊ काही नको, केकसुद्धा नको, तो शाळेत होतोच. आता कुरकुरीत म्हटलं की तळण आलं, आणि तळण म्हटलं की सेफ्टीसाहेब दोन पावलं मागे सरायचे. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. ह्यांनी तर ताकच बंद करून टाकलं होतं. ह्या घरात कढई नव्हती, झारा नव्हता. तेल होतं ते औषधाच्या बाटलीएवढं. त्यातलं चमचाभर बटाट्यांना चोळायचं आणि बाटली पुन्हा कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवायची. म्हणून एअर फ्रायर आणला होता.

कढई का नव्हती, तेही सांगून टाकू. चार वर्षांपूर्वी, जुन्या घरी, सेफ्टीसाहेबांनी कारखान्यातली पिवळी पट्टी आणून स्वयंपाकघराच्या फरशीवर चिकटवली होती. गॅसवर कढई असली की भिंगरीने त्या रेषेच्या आत यायचं नाही. चार वर्षांची पोर पायाचे अंगठे रेषेला बरोब्बर टेकवून उभी राहायची आणि तिथूनच मान लांब करून बघायची. त्या दिवशी आई कामावर गेली होती आणि सेफ्टीसाहेब बटाट्याचे काप तळत होते. कारखान्यातून फोन आला, कुणाचं तरी बोट गेलं होतं. फोन कानाखांद्यात धरून, कढई पकडीने उचलून पलीकडे ठेवावी म्हणून ते घाईने वळले. भिंगरी रेषेच्या बाहेरच होती. रेषा ओलांडली ती त्यांनी. तेल तिच्या डाव्या खांद्यापासून कोपरापर्यंत गेलं.

हॉस्पिटलात एका बाईंनी फॉर्म पुढे केला. 'घटना कशी घडली', आणि त्याखाली तीन मोकळ्या ओळी. सेफ्टीसाहेबांचं अक्षर नेहमीसारखंच आलं. 'मुलीने सूचना न पाळता रेषा ओलांडून कढई ओढली.' कुठे खाडाखोड नाही. लिहून झाल्यावर त्यांनी ते वाचलं, तेव्हा फाडून टाकायला हवं होतं. तेवढ्यात बाईंनी फॉर्म ओढून घेतला, डॉक्टरांनी त्यावरून आपल्या कागदावर उतरवलं, आणि भिंगरीची आई धावत आली तेव्हा तिलाही तेच वाचायला मिळालं. दुसऱ्या दिवशी पोर नीट जागी झाली. आई रडत रडत म्हणाली, "का गं ओढलीस कढई? हजारदा सांगितलं होतं ना?" भिंगरीने बाबाकडे पाहिलं. बाबा सलाइनच्या बाटलीकडे बघत होता. मग ती म्हणाली, "सॉरी."

उद्या सांगू, उद्या सांगू म्हणता चार वर्षं गेली. आपलं पाप पोटच्या पोरीच्या माथी मारून हा माणूस जगत होता, आणि त्याला ते एक दिवसही विसरता येत नव्हतं, एवढंच काय ते त्याच्या बाजूने बोलता येईल. भाजल्या हाताची पट्टी बदलायची वेळ झाली की तो उठून जिन्यात जाऊन उभा राहायचा. "स्वतःच्या पोरीकडे बघवत नाही का तुला?" बायको विचारायची. तो गप्प. संसार मोडला तो ह्या गप्प राहण्यावरून.

तर वाढदिवस. दोन आठवडे रोज संध्याकाळी एकेक घाणा काढून सेफ्टीसाहेबांनी तक्ता तयार केला होता आणि तो फ्रिजवर चिकटवला होता. बटाटा: अर्धा तास गार पाण्यात, कोरडा पुसून, एकशे साठ अंश, सोळा मिनिटं, दर चार मिनिटांनी बास्केट हलवणे. उकडलेले चणे: दोनशे अंश, सतरा मिनिटं. उकडून निथळलेला पास्ता: दोनशे, दहा मिनिटं. पावाच्या कडा: एकशे ऐंशी, सहा मिनिटं. गाजराचे काप दोनदा जळाले, तेव्हा गाजर बाद. चणे कारखान्यात वाटून पाहिले तर म्हातारा फिटर म्हणाला, "साहेब, खडी चावल्यासारखं वाटतंय. पोरींचे दात शाबूत राहू द्या म्हणजे झालं." सेफ्टीसाहेबांनी चण्यांची दोन मिनिटं कमी केली आणि तक्त्यावर तशी नोंद केली.

आणि एवढं सगळं करून व्हायचा तो घोटाळा झालाच. सकाळी बारा मुलींना पुरतील इतके घाणे निघाले. उघडं अन्न म्हणजे माशी, धूळ, धोका. जन्मभर प्रत्येक उघड्या वस्तूवर झाकण घालत आलेल्या माणसाने गरमागरम काप डब्यांत भरले आणि झाकणं गच्च दाबून बसवली. दुपारी उघडलं तर झाकणाला आतून पाणी सुटलेलं आणि काप ओल्या पुठ्ठ्यासारखे एकमेकांवर पडलेले. सेफ्टीसाहेबांनी स्वतःला एक सणसणीत शिवी दिली. मग थोडं थोडं करत सगळं पुन्हा तीन-तीन मिनिटं फ्रायरमधून काढलं, आणि ह्या खेपेला ताटांत उघडंच पसरून ठेवलं. तास गेला, पण कुरकुरीतपणा परत आला.

साडेतीनला मामा भिंगरीला घेऊन आला. कोर्टाने नातं मोडलं तरी मामाच्या तोंडून 'दाजी' काही सुटलं नव्हतं. "दाजी, वास तर झकास सुटलाय," म्हणत तो खुर्चीत बसला आणि मोबाइलमध्ये तोंड घालून देखरेख करू लागला. भिंगरीने निळा फ्रॉक घातला होता, लांब बाह्यांचा. तिने बाराही वाडग्यांवर वाकून वास घेतला आणि हात मागे बांधून उभी राहिली.

"खा की," सेफ्टीसाहेब म्हणाले.

"सगळ्या आल्यावर."

चारला कुणी आलं नाही. साडेचारला एक आली. पुढचे दोन दात पडलेले म्हणून सगळा वर्ग तिला दातपडकी म्हणायचा आणि ती त्यावर खूश असायची. तिच्या आईने दारातूनच सांगितलं, "मला ड्यूटीवर जायचंय. भिंगरीची आई येईल तेव्हा तिच्याबरोबर पाठवा हिला, वाटेतच आहे आमचं घर." आणि ती गेलीसुद्धा. त्यानंतर बेल वाजली नाही. सेफ्टीसाहेबांनी शेवटी मामाला आत बोलावून विचारलं.

मामाने आवाज खाली आणला. "नाही येणार कुणी, दाजी. आयांच्या ग्रुपवर सकाळी कुणीतरी टाकलं, ह्यांच्याकडेच पोर भाजली होती ना म्हणून. मग काय, एकीला ताप आला, दुसरीकडे पाहुणे आले. पण ताई तुमच्या बाजूने बोलली हां. तिने सरळ लिहिलं, की पोरीनेच कढई ओढली होती, त्यांचा काही दोष नाही."

सेफ्टीसाहेबांनी मान हलवली आणि दहा वाडगे उचलून ओट्यावर नेऊन ठेवले. आपलं खोटं आपल्याच बाजूने साक्ष द्यायला आलं होतं.

मुलींनी मात्र दुखवटा पाळला नाही. दातपडकीने दाढेखाली चणा फोडला, त्याचा आवाज ऐकून दोघी खिदळल्या, आणि मग कुणाचा आवाज मोठा येतो त्याची शर्यत लागली. मामाला पंच नेमलं. तो डोळे मिटून ऐकायचा आणि गंभीरपणे सांगायचा, "हा पास्ता. हा बटाटा. हा माझ्या मते दात." भिंगरीने हसता हसता स्वतःभोवती एक गिरकी घेतली. सेफ्टीसाहेबांनी ती पाहिली आणि त्यांना वाटलं, होईल, पार पडेल नीट. दहा जणी नाही आल्या तर नाही आल्या.

वाडग्यांतले बटाटे संपले म्हणून ते ओट्यावरचे काप गरम करायला आत गेले. दातपडकीला मशीन बघायचं होतं, तीही मागोमाग निघाली. स्वयंपाकघराच्या दारातच भिंगरीने तिचा फ्रॉक मागून धरला.

"इथेच थांबायचं. आत नाही जायचं."

"का? ह्यात तर तेलच नाहीये."

"तरीपण."

"घाबरट आहेस तू."

"नाहीये. मी लहान असताना रेषेच्या आत गेले होते आणि गरम कढई ओढली होती. बाबा नको नको म्हणत होता, तरी ओढली. म्हणून मला भाजलं." तिने बाही वर सरकवून दंड दाखवला. पाढे म्हणावेत तशी ती बोलत होती, पुष्कळदा म्हणून झालेलं असावं. "बाबाची काही चूक नव्हती. तरी सगळे त्यालाच रागावतात. आजपण माझ्यामुळेच कुणी आलं नाही."

"वेडीच आहेस," दातपडकी म्हणाली.

"हो ना," भिंगरी म्हणाली.

सेफ्टीसाहेबांनी हातातली बास्केट ओट्यावर ठेवली. साडेपाच वाजले होते. अर्ध्या तासाने भिंगरीची आई येणार, मामा तिला सगळं छान झालं म्हणून सांगणार, सही होणार. त्यांना फक्त गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. रविवारी सकाळी भिंगरी इथे उठेल, तिचे केस विंचरायचे, तिला सायकल शिकवायची, अशी यादी त्यांनी मनात करून ठेवली होती. आता तोंड उघडलं तर ते सगळं गेलं, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. पण पोर ज्या सहजतेने 'हो ना' म्हणाली ते त्यांच्या घशाखाली उतरेना.

ते दारात आले आणि तिच्यासमोर फरशीवर बसले. "भिंगरी, तू कढई ओढली नव्हतीस."

"दाजी, आत्ता कशाला ते?" मामा बाहेरून म्हणाला. "हसतेय पोर, हसू द्या की."

"नाही, ऐकू दे तिला. तूही ऐक." आणि त्यांनी सांगितलं. फोन कसा आला, कढई कशी उचलली, कसे वळले. "तू रेषेच्या बाहेर होतीस, जिथे मी उभं राहायला सांगितलं होतं तिथेच. मी आलो तुझ्या अंगावर. आणि हॉस्पिटलात मी खोटं लिहिलं. तुझी चूक नव्हती, बाळा. माझी होती."

मामाने मोबाइल मांडीवर उलटा ठेवला. भिंगरी बाबाकडे बघत राहिली. मग मोठ्या माणसाने लहानाची समजूत काढावी तशी हसली.

"नाही बाबा. मला आठवतंय ना."

"काय आठवतंय?"

"कढईचे कान. खूप गरम होते. मी दोन्ही हातांनी धरले आणि ओढले."

अठरा वर्षांत सेफ्टीसाहेबांनी एकाही अपघाताची खरी चौकशी केली नव्हती. ती आता केली. त्यांनी तिचे दोन्ही हात धरून तळवे वर केले. "हे बघ. तापलेल्या कढईचे कान धरले असतेस तर इथे भाजलं असतं. आहे का इथे एकतरी डाग? तुला भाजलंय ते वर, खांद्याला, दंडाला. तेल वरून पडलं. माझ्या हातातून."

भिंगरीने आपले तळवे नीट निरखले. दातपडकीनेही वाकून पाहिले.

"बरे झाले असतील," भिंगरी म्हणाली.

त्यांनी पुन्हा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं. ती मान हलवत ऐकत होती, पण ते मन राखण्यासाठी. पालथ्या घड्यावर पाणी, असं म्हणतात. हा घडा त्यांनी स्वतःच्या हाताने पालथा केला होता.

सहाला भिंगरीची आई आली, कामावरून थेट, खांद्याला पर्स आणि हातात वकिलाच्या कागदाचं पाकीट. तिने दोनच वापरलेले वाडगे पाहिले. "एकच आली का? असू दे. बाकी नीट झालं ना?"

मामा उठून उभा राहिला आणि खिडकीबाहेर बघू लागला. सेफ्टीसाहेबांनी उभ्या उभ्या, चार वाक्यांत सगळं सांगितलं. तिने मध्ये तोडलं नाही. ऐकून झाल्यावर ती लेकीजवळ जाऊन गुडघ्यांवर बसली आणि तिचे तळवे उघडून बघत राहिली. तीन महिने तिने रोज त्या हाताला पट्टी बांधली होती, हेच तळवे रोज पुसले होते, आणि एकदाही तिला शंका आली नव्हती.

"पट्टी सोडताना ही किंचाळायची," ती तळव्यांकडे बघतच म्हणाली. "आणि मी म्हणायचे, आता रडून काय उपयोग, तेव्हा ऐकायचं होतंस. रोज म्हणायचे. तू जिन्यात उभा असायचास. ऐकू येत असेल ना तुला?"

"यायचं," सेफ्टीसाहेब म्हणाले.

ती उठली. हातातलं पाकीट तिने पर्समध्ये कोंबलं आणि चेन ओढली. "बूट घाल, भिंगरी. निघायचं आपल्याला. तूही चल गं," ती दातपडकीला म्हणाली. मामाने मुलींचे बूट पुढे सरकवले.

मोठ्यांना वाटतं पोरांना कागदांतलं काही कळत नाही. भिंगरीला त्या पाकिटात काय आहे ते पक्कं ठाऊक होतं, आणि ते पर्समध्ये गेलेलं तिने पाहिलं होतं. तिने एक बूट घातला, दुसरा तसाच ठेवून आईचा हात धरला.

"आई, तो खोटं बोलतोय. माझा वाढदिवस आहे ना, मला बरं वाटावं म्हणून. तू कर सही."

आईने दुसरा बूट उचलून तिच्या पायापाशी धरला. भिंगरीचा आवाज कापायला लागला.

"मीच ओढली होती, आई. खरंच. मी परत कधी नाही ओढणार."